परदेशी विद्यापीठांतले ख्रिस्ती गट आणि तिथली मैत्री : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकायला परदेशी निघालेली मुलं, त्यांचे आईवडील आणि तिथे जाऊन स्वतः अशा गटांत काम करणारे मराठी ख्रिस्ती विद्यार्थी यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः अमेरिका आणि इंग्लंडमधल्या नामांकित विद्यापीठांना धरून आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. हार्वर्ड, ऑक्सफर्डमध्ये "ख्रिश्चन ग्रुप" असतात असं ऐकलं. म्हणजे नक्की काय असतं?

तीन वेगळ्या गोष्टींना लोक हे एकच नाव देतात. पहिली गोष्ट म्हणजे कॉलेजचं चॅपल, म्हणजे प्रार्थनामंदिर, आणि तिथला चॅप्लन, म्हणजे धर्मगुरू. दुसरी, विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेली मंडळं. केंब्रिजची ख्रिश्चन युनियन १८७७ सालची, ऑक्सफर्डची १८७९ सालची, आणि तिचे छोटे गट कॉलेजा-कॉलेजांतून भेटतात. तिसरी, बाहेरच्या संस्थेच्या आधारावर चालणारे गट. अमेरिकेतली इंटरव्हर्सिटी (१९४१) किंवा १९५१ साली लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात सुरू झालेली कॅम्पस क्रुसेड, जिला आता क्रू म्हणतात, ही त्यांतली मोठी नावं.

आठवड्याचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. एक मोठी सभा होते, तिथे गाणी, प्रार्थना आणि एक भाषण. शिवाय सहा ते दहा जणांचा बायबल अभ्यासगट. वर्षातून एकदा-दोनदा गावाबाहेर दोन-तीन दिवसांचं शिबिर. ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुख्य टर्म फक्त आठ आठवड्यांची असल्यामुळे तिथे सगळंच दाटीवाटीने होतं, आणि ओळखीही फार भराभर घट्ट होतात. पुढे येणारे बरेच प्रश्न या घाईतूनच जन्मतात.

२. म्हणजे विद्यापीठच ख्रिस्ती आहे का?

आज नाही. हार्वर्डची स्थापना १६३६ सालची, आणि चर्चसाठी शिकलेले पाळक (धर्मगुरू) तयार व्हावेत हा तिच्यामागचा एक मोठा हेतू होता. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमधल्या धार्मिक अटी १८७१ च्या कायद्याने जवळपास संपल्या. आता प्रवेश, गुण, शिष्यवृत्ती यांचा धर्माशी संबंध नाही. औपचारिक जेवणाआधी लॅटिनमध्ये प्रार्थना होते तेव्हा सगळ्यांबरोबर शांत उभं राहिलं की पुरे, काही म्हणावं लागत नाही.

३. चॅप्लन, स्टाफवर्कर आणि गटाचे विद्यार्थी-प्रतिनिधी यांत फरक काय?

पगार कोण देतं ते बघा. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांत चॅप्लनला कॉलेज नेमतं. तो किंवा ती बहुधा अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडची, पाळक असते, पण दार सगळ्या धर्मांच्या मुलांना उघडं असतं. घरी कुणी वारलं, परीक्षेचं ओझं झालं, तर हिंदू किंवा मुसलमान विद्यार्थीही तिथे जाऊन बसतात. विद्यार्थी-प्रतिनिधी तुमच्यासारखाच विद्यार्थी असतो. त्याला सेमिनारचा पेपरही लिहायचा असतो आणि गटही चालवायचा असतो.

स्टाफवर्कर बाहेरच्या संस्थेचा. अमेरिकेत हे लोक बहुतेकदा आपला पगार देणगीदारांकडून स्वतः गोळा करतात आणि त्या देणगीदारांना अधूनमधून पत्र पाठवतात. "भारतातून आलेल्या एका विद्यार्थिनीशी मैत्री झाली, तिच्यासाठी प्रार्थना करा" असा मजकूर त्यात येऊ शकतो. तुम्हाला ते नको असेल तर पहिल्या-दुसऱ्या भेटीतच सांगा की माझं नाव, फोटो किंवा गोष्ट तुमच्या पत्रात नको. चांगला स्टाफवर्कर हे न विचारता पाळतो.

४. पहिल्या आठवड्यात ही मुलं इतक्या आपुलकीने वागतात. ही मैत्री खरी असते की धर्मात ओढायची सोय?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

हेतू असतो. येशूबद्दल तुम्ही ऐकावं असं त्यांना मनापासून वाटतं. काही गटांत सभासदांना तीन ते पाच मित्रांची नावं लिहून त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करायला सांगतात, आणि त्या यादीत तुमचं नाव असू शकतं. पण तोच मुलगा तापात तुमच्यासाठी सूप घेऊन येतो तेव्हा तो नाटक करत नसतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदतात. तुम्ही "मला यात रस नाही" म्हटल्यावर काय शिल्लक राहतं, त्यावरून मैत्रीचा कस लागतो.

तो पाहायचे साधे मार्ग आहेत. सरळ विचारा, "तू मला ख्रिस्ती करायला बघतो आहेस का?" प्रामाणिक माणूस थोडा लाजेल, हो म्हणेल आणि वर म्हणेल की तू नाही म्हणालास तरी शुक्रवारचं बॅडमिंटन चालूच राहील. मग शुक्रवारी तो येतो का ते बघा. दुसरं, तुमच्या गोष्टींसाठी तो वेळ काढतो का? तुमच्या खोलीत गणपती बसला तर मोदक खायला येतो का? आरतीला उभं राहणं त्याच्या श्रद्धेत बसणार नाही, तसं तो म्हणाला तर त्यात अपमान मानू नका. येऊन बसला, विचारपूस केली, एवढं पुष्कळ आहे. तिसरं, तो आपली अडचण तुम्हाला सांगतो का? एक जण कायम मदत करणारा आणि दुसरा कायम घेणारा असेल, तर ते समाजकार्य झालं. मैत्रीत देणंघेणं दोन्हीकडून चालतं.

नामांकित विद्यापीठांत ही आपुलकी जास्त का जाणवते, त्यालाही कारण आहे. तिथे प्रत्येक जण इंटर्नशिप, गुण आणि ओळखी यांच्या मागे धावत असतो. जेवताना समोरचा माणूस आपल्या कामाचा आहे का, हे नकळत जोखलं जातं. अशा ठिकाणी कुणी दोन तास काढून तुमच्या गावाबद्दल विचारतो तेव्हा ते मनाला लागतं. या गटांचं मोठं देणं हेच आहे, आणि नेमकं त्यामुळेच त्याचा गैरवापर झाला तर जखम खोल जाते.

५. बायबल स्टडीला गेलो तर ख्रिस्ती व्हावं लागतं का?

नाही. साधारण तास-दीड तास बसतात. आधी चहा-बिस्किटं, मग दहा-वीस ओव्या मोठ्याने वाचतात आणि तीन-चार प्रश्नांवर बोलतात: इथे काय घडतं, कोण काय म्हणतं, त्याचा अर्थ काय. शेवटी कुणीतरी प्रार्थना करतं. तुमच्यावर वाचायची पाळी आली तर "मी ऐकतो" म्हणालात तरी चालतं. सुरुवात बऱ्याचदा मार्कच्या शुभवर्तमानाने करतात, कारण येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांमध्ये ते सर्वांत लहान आहे, १६ अध्यायांचं. मराठी बायबल फोनवर उघडून बसलात तर उलट चर्चा रंगते, कारण एकाच वाक्याची दोन भाषांतरं समोर येतात.

ख्रिस्ती होणं म्हणजे बाप्तिस्मा. त्याच्या आधी जबाबदार चर्च काही आठवडे, कॅथलिक चर्चमध्ये तर कित्येक महिने शिकवतं. शिबिराच्या रात्री, गाण्यांच्या भरात, तिथल्या तिथे निर्णय घ्यायला कुणी लावत असेल तर थांबा. प्रश्न ९ पाहा.

६. फुकट जेवण देणं यांना परवडतं कसं?

आजूबाजूच्या चर्चची माणसं घरून करून आणतात, सभासद वर्गणी काढतात, अमेरिकेत देणग्याही असतात. ब्रिटनमध्ये एक गमतीची पद्धत आहे. रात्री मेसेजवर देवाबद्दल एखादा प्रश्न पाठवा, दोन सभासद गरम टोस्ट सँडविच आणि उत्तर घेऊन तुमच्या दारात येतात. खाल्लं म्हणून बांधिलकी येत नाही.

७. शाकाहार, उपास, दारू यांचं काय?

"व्हेजिटेरियन" एवढं सांगून भागत नाही. अंडं, मासे आणि जिलेटिन यांचं वेगळं सांगा. शेकोटीवर भाजून देतात त्या मार्शमेलोत बहुधा डुकराचं किंवा गाईचं जिलेटिन असतं. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगला अमेरिकन कुटुंबं परदेशी मुलांना घरी बोलावतात. तेव्हा टर्की टाळली तरी स्टफिंग आणि ग्रेव्हीत मांसाचा रस असू शकतो. आमंत्रण आल्यावर आदल्या आठवड्यात कळवा आणि वाटल्यास बटाट्याची भाजी करून न्या, यजमानांना आनंदच होतो. अशा गटांच्या कार्यक्रमांत दारू सहसा नसते, म्हणून न पिणाऱ्या मुलांना तिथे मोकळं वाटतं.

एक वेगळी गोष्ट प्रभुभोजनाची. उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस पाहुण्यांसाठीचा प्रसाद नव्हे, तो बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो. तुम्ही जागेवर बसून राहा. अँग्लिकन किंवा कॅथलिक चर्चमध्ये हात छातीवर दुमडून पुढे गेलात तर फक्त आशीर्वाद देतात.

८. नको असेल तर "नाही" कसं म्हणायचं? वाईट वाटेल त्यांना.

आपल्याकडे "बघू", "पुढच्या आठवड्यात नक्की" म्हणजे नकार. तिकडे त्याचा अर्थ "पुढच्या आठवड्यात नक्की" असाच घेतात आणि पुन्हा मेसेज येतो. त्यात त्रास द्यायचा हेतू नसतो, त्यांना खरंच समजलेलं नसतं. म्हणून एकदाच स्वच्छ सांगा: मला बायबल स्टडीला यायचं नाही, पण तुझ्याबरोबर जेवायला आवडेल. दुसरा भाग खरा असेल तरच म्हणा. वर्षाच्या सुरुवातीला विद्यार्थी संघटनांचा मेळावा भरतो, त्यात ज्या यादीवर नंबर लिहिला होता त्यातून तो काढायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे. ब्रिटनमध्ये तर माहिती-संरक्षण कायद्यानेही.

९. धोकादायक गट ओळखायचा कसा?

बहुसंख्य गट प्रामाणिक आहेत, पण काही नाहीत. पहिली खूण लपवाछपवी. आपण कोणत्या चर्चचे हे सांगत नाहीत, किंवा "लीडरशिप वर्कशॉप" म्हणून बोलावतात आणि आत गेल्यावर बायबल निघतं. "इथे येतेस हे घरी सांगू नको" असं कुणी म्हणालं तर त्याच दिवशी बाहेर पडा. दुसरी खूण, तुमच्यावर नेमलेला एक मार्गदर्शक. रोजचा हिशेब मागणारा, कुणाशी बोलावं, कुणाशी लग्न करावं, कोणता विषय सोडावा, हे ठरवणारा. तिसरी, वेळ. आठवड्यात एक-दोन संध्याकाळी जाणं ठीक, पण पाच-सहा संध्याकाळी गेल्या की अभ्यास कोसळतो आणि जुने मित्र गळतात. चौथी, पैसा: शिष्यवृत्तीतून दशमांश द्या असा दबाव. पाचवी, सोडून गेलेल्यांबद्दल सगळे एकाच सुरात वाईट बोलतात.

पडताळणी सोपी आहे. विद्यापीठाच्या चॅप्लनला किंवा विद्यार्थी संघटनेच्या कार्यालयात त्या गटाचं नाव विचारा. कोणत्या गटाबद्दल तक्रारी आल्या आहेत हे त्यांना बहुधा ठाऊक असतं.

१०. मुलगी फोनवर म्हणाली की ती ख्रिश्चन ग्रुपला जाते. आम्ही काय करावं?

पहिल्याच फोनवर "बाटवतील तुला" म्हणू नका. त्यानंतर ती सांगायचं बंद करेल, आणि तुमच्या हातातलं एकमेव साधन, म्हणजे ती मोकळेपणाने बोलते हे, निघून जाईल. चार गोष्टी सहज विचारा: गटाचं नाव काय, कुठे भेटतात, आठवड्यातून किती वेळा, आणि गटाबाहेरच्या मैत्रिणी कोण आहेत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत महत्त्वाचं. व्हिडिओ कॉलवर तिच्या तिथल्या मैत्रिणींना भेटा, त्यांच्याशी बोला.

तिचा कल खरंच त्या श्रद्धेकडे असेल तर? ती सज्ञान आहे, निर्णय तिचा आहे. मराठी घरांनी हे आधी पाहिलं आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंशी त्यांची ताटातूट झाली. दोघांचे हाल झाले, आणि पुन्हा एकत्र यायला काही वर्षं लागली. दार बंद केलं की प्रश्न सुटत नाही, फक्त माणूस एकटं पडतं. गटातल्या ख्रिस्ती मित्रांनाही आम्ही हेच सांगतो: तिला घरापासून तोडून मिळालेला निर्णय तुम्ही आनंदाने मोजू नका.

११. आम्ही मराठी ख्रिस्तीच आहोत. वसईचे कॅथलिक, नगरचे सीएनआय. कोणत्या गटात जावं?

वसईच्या मुलांनी आधी कॅथलिक चॅप्लन्सी शोधावी: केंब्रिजला फिशर हाउस, हार्वर्डजवळ सेंट पॉल्स, अमेरिकेत इतरत्र बहुधा न्यूमन सेंटर. रविवारची मिस्सा, पापनिवेदन आणि जेवण तिथे होतं. सीएनआय म्हणजे १९७० साली नागपुरात एकत्र येऊन बनलेली उत्तर भारताची मंडळी. अँग्लिकन चर्चशी तिची पूर्ण सहभागिता आहे, त्यामुळे कॉलेज चॅपलमध्ये तुम्ही हक्काने प्रभुभोजन घेऊ शकता.

ख्रिश्चन युनियन इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच अंतिम प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट विचारांची. सभेला कुणीही यावं, पण पदाधिकाऱ्यांना सिद्धांतपत्रावर सही करावी लागते आणि कॅथलिक मुलांना ती बऱ्याचदा करवत नाही. याला जुना इतिहास आहे. केंब्रिजची युनियन १९१० साली स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटपासून वेगळी झाली, ती अशाच सैद्धांतिक मतभेदांवरून. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट अजून आहे आणि जास्त मोकळी आहे.

१२. मी ख्रिस्ती आहे, माझे मित्र नाहीत. विश्वासाबद्दल कधी आणि कसं बोलावं?

पहिली टर्म ऐकण्यात घालवा. परीक्षेच्या आठवड्यात, ब्रेकअपनंतर, घरी मृत्यू झाल्यावर सुवार्ता सांगायची संधी शोधू नका. तेव्हा डबा न्या आणि जवळ बसा. कार्यक्रमाला बोलावताना पूर्ण सांगा: "जेवण आहे, नंतर वीस मिनिटं येशूबद्दल भाषण आहे." अर्धवट आमंत्रणाने एक संध्याकाळ भरते आणि मित्र कायमचा जातो. मित्राची गोष्ट गटाच्या प्रार्थनेत नावासह सांगण्याआधी त्याला विचारा. आणि त्याच्या घरच्या दिवाळीला जा.

केंब्रिजच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये चार्ल्स सिमियन १७८२ पासून १८३६ पर्यंत पाळक होते. सुरुवातीला लोकांनी त्यांना फार विरोध केला. त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी आपल्या खोल्या विद्यार्थ्यांना उघड्या ठेवल्या. चहा असे, मुलं हवे ते प्रश्न विचारत, ते उत्तरं देत. याहून चांगली पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही.

१३. या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

फार जवळचा. १८०६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी प्रार्थनेसाठी जमले होते. वादळ आलं म्हणून ते गवताच्या गंजीच्या आडोशाला गेले आणि तिथे त्यांनी परदेशात मिशनरी म्हणून सेवा करायचा विचार पक्का केला. त्यातून १८१० साली परदेशी मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड उभं राहिलं. त्याच कॉलेजचे पदवीधर गॉर्डन हॉल हे सॅम्युएल नॉट यांच्यासह १८१३ मध्ये मुंबईत उतरले. कंपनी सरकार त्यांना परत धाडायला निघालं होतं, तरी ते टिकले. अमेरिकन मराठी मिशन, नगरचं काम, १८४२ पासूनचं 'ज्ञानोदय' नियतकालिक ही सगळी पुढची वाट.

उलट दिशेची गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. रॉबर्ट वाइल्डर यांचा जन्म १८६३ साली कोल्हापुरात झाला, मिशनरी घरात. ते प्रिन्स्टनला शिकायला गेले. प्रिन्स्टनमधल्या त्यांच्या घरी विद्यार्थी मित्र प्रार्थनेला जमत, तेव्हा बहीण ग्रेसही त्यांच्यासाठी प्रार्थना करत असे. १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन इथल्या विद्यार्थी शिबिरात शंभर जणांनी परदेशी सेवेसाठी नाव दिलं. स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंटचा उगम तिथे आहे, आणि त्या शंभरांत कॉर्नेलचा विद्यार्थी जॉन मॉट होता, पुढे तोच या चळवळीचा नेता झाला. अमेरिकी विद्यापीठांतल्या एवढ्या मोठ्या चळवळीच्या मुळाशी कोल्हापुरात वाढलेली ही भावंडं होती. दोन्ही वेळा सुरुवात हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या मित्रांनी केली.

१४. विद्यापीठ एखाद्या ख्रिस्ती गटाची मान्यता काढून घेऊ शकतं का?

अमेरिकेत उत्तर विद्यापीठ सरकारी की खासगी यावर अवलंबून आहे. इतर विद्यार्थी संघटनांना खोल्या देणाऱ्या सरकारी विद्यापीठाला केवळ धार्मिक म्हणून एखाद्या गटाला नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या विडमार खटल्यात ठरवलं. मात्र सभासदत्व आणि पदं सगळ्यांना खुली ठेवा हा नियम सर्व संघटनांना सारखाच लागू असेल, तर ख्रिस्ती गटही त्यातून सुटत नाही, असा २०१० चा निकाल आहे, ५ विरुद्ध ४ मतांनी. हार्वर्डसारखी खासगी विद्यापीठं आपले नियम आपण ठरवतात. तिथे २०१८ साली एका ख्रिस्ती गटाला वर्षभरासाठी प्रोबेशनवर ठेवलं. समलिंगी नात्यात असलेल्या विद्यार्थिनीला पद सोडायला सांगितल्याचं ते प्रकरण होतं.

मान्यता गेली की खोली, निधी आणि मेळाव्यातलं टेबल जातं. भेटणं थांबत नाही. गटांना आमचं सांगणं एवढंच: पदासाठी ज्या अटी असतील त्या पहिल्या दिवशी लेखी द्या. दोन वर्षं राबलेल्या मैत्रिणीला त्या नंतर कळाव्यात, हे निर्दय आहे.

१५. माझ्या पीएचडीच्या गाइडनेच चर्चला बोलावलं. नाही म्हणता येईल का?

येईल. पण विद्यार्थी मित्राच्या आमंत्रणाहून हे वेगळं आहे, कारण तुमचा निधी, शिफारसपत्र आणि पर्यायाने व्हिसा त्या माणसाच्या हातात आहे. "धन्यवाद, रविवार मी वेगळा ठेवतो" एवढं एकदा म्हणा. पुन्हा विचारलं तर तारीख आणि शब्द लिहून ठेवा. कामावर परिणाम दिसला तर विद्यापीठाच्या ऑम्बड्सकडे, म्हणजे तक्रारी ऐकणाऱ्या तटस्थ अधिकाऱ्याकडे जा, तिथलं बोलणं गोपनीय असतं. ख्रिस्ती प्राध्यापकांनी हा भेद स्वतःहून पाळावा. आपल्या हाताखालच्या विद्यार्थ्याला नकार द्यायची मोकळीक कधीच पूर्ण नसते.

१६. मित्र फार खचला आहे. गटाने प्रार्थना केली, पुरे का?

पुरेशी नाही. प्रार्थना करा आणि त्याच दिवशी त्याच्याबरोबर समुपदेशन केंद्रात जा. जीव द्यायची भाषा निघाली तर अमेरिकेत ९८८, ब्रिटनमध्ये ११६ १२३, आणि धोका समोर असेल तर अनुक्रमे ९११ आणि ९९९. "विश्वास कमी पडतो" असं आजारी माणसाला सांगणाऱ्याला तिथेच थांबवा.

१७. भारतातल्या आयआयटी वगैरे संस्थांत असं काही आहे का?

आहे. १९५४ पासूनची यूईएसआय (युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया) ही संघटना देशभर विद्यार्थ्यांत काम करते, तिच्या गटांना ईयू (इव्हँजेलिकल युनियन) म्हणतात. आवारात सभा घ्यायला संस्थेची परवानगी घ्या, नसेल तर बाहेर एखाद्या घरी भेटा. राज्यघटनेचं कलम २५ धर्माचा प्रसार करायचा हक्क देतं, पण दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितलं. काही राज्यांत वेगळे कायदेही आहेत, म्हणून प्रश्न १२ मधली पथ्यं इथे दुपटीने पाळा.

१८. मी गट सोडला, विश्वासही उरला नाही. मित्र राहतील का?

काही राहतील, आणि जे दुरावतील त्यांतल्या पुष्कळांच्या मनात राग नसेल. तुमची भेट मंगळवारच्या अभ्यासगटात व्हायची, तो मंगळवार गेला एवढंच. म्हणून सोडताना गुपचूप गायब होऊ नका. ज्या दोघा-तिघांशी खरी मैत्री आहे त्यांना वेगवेगळं भेटून सांगा, आणि त्याच भेटीत दुसरा दिवस ठरवा: गुरुवारी सकाळी पळायला जाणं, रविवारी एकत्र स्वयंपाक. गटात राहिलेल्यांसाठीही सांगणं आहे. पहिला फोन तुम्ही करा, आणि त्या फोनवर "परत ये" म्हणू नका, तो कसा आहे ते विचारा.